विष लागलं, हात अडकला, दम भरतो: विदर्भातल्या कामकऱ्याने आणि घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करायचं

फवारणी करताना पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं की अपघात विभागात पहिला प्रश्न येतो, "औषध घेतलं का?" आपल्या भागात विषबाधा म्हटली की आत्महत्येचा प्रयत्न, असं आधीच धरून चालतात. सोबत आलेला भाऊ घाबरलेला असतो. तो "हो, औषधच आहे" म्हणून जातो आणि केसपेपरवर 'विष प्राशन' असं लिहिलं जातं. पुढे पोलीस, तहसील, कृषी कार्यालय, कोर्ट सगळीकडे तेच वाक्य आडवं येतं. माणूस वाचला तरी त्रास, आणि गेला तर घरच्यांच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून या लेखात उपचार आणि कागद वेगळे केलेले नाहीत. कामावर लागलं-दुखलं की दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळी करायचे. शेत असो, जिनिंग असो, धानाची गिरणी असो की गिट्टी क्रशर.

फवारणी: पंप पाठीवर घेण्याआधी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. त्या हंगामात पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेली होती. गडी दोन ओळींच्या मधून चालायचा तेव्हा नोझल त्याच्या तोंडाच्या उंचीवर असायचं आणि पॉवर पंपाचे बारीक थेंब पऱ्हाटीतच तरंगत राहायचे. त्यात एकाच टाकीत दोन-तीन औषधं. शेतकऱ्याने औषध आणलं, दुकानदाराने सांगितलं तसं मिसळलं, आणि ज्याच्या पाठीवर पंप त्याला औषधाचं नावही ठाऊक नाही, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

पहिलं काम अगदी सोपं आहे. पंप घेण्याआधी प्रत्येक डब्याचा, लेबल वाचता येईल असा फोटो मोबाईलमध्ये काढा. लेबलवर उभ्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. लाल-पिवळ्या रंगाचं औषध असेल आणि कपाशी छातीच्या वर गेली असेल, तर मधून चालत फवारायला मजुराने सरळ नाही म्हणावं. कास्तकाराला राग येईल, येऊ द्या.

सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी सूट घालून फवारा म्हणणाऱ्याने कधी पंप पाठीवर घेतला नसावा. जमेल ते सांगतो. औषध मिसळताना ते सर्वात तीव्र असतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा तेव्हा तरी हवेतच. काठीने ढवळा, हाताने नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, टोपी. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक फवारा अडवत नाही, उलट ओला झाला की औषध नाकाशी धरून ठेवतो. पंप गळत असेल तर आधी वायसर बदला. पाठ आणि कंबर भिजली की कातडीतून विष आत जातं, आणि विषबाधेचा मोठा वाटा याच वाटेने येतो. वारा पाठीवर घ्या. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. धुऱ्यावर (बांधावर) साबण आणि दोन गुंड (हंडे) पाणी ठेवल्याशिवाय सुरुवात नको.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. यावर कोणी बोलत नाही. फवारणीच्या हाताने पन्नी उघडून खर्रा तोंडात टाकणं म्हणजे औषध चाटणंच आहे. खर्रा घरी ठेवून या.

लक्षण दिसलं की

डोळ्यांसमोर अंधारी, डोकं गरगरणं, दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ-उलटी, छाती आवळणं, स्नायू फडफडणं, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं. यातलं काहीही दिसलं की "ऊन लागलं असेल" म्हणत झाडाखाली निजवून ठेवू नका.

आधी वावराबाहेर काढा. सगळे कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, कानामागे, नखं, बेंबी सुटायला नको. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात पिशवी तरी घालावी. उलटी करवू नका. दूध, तूप, ताक, मिठाचं पाणी काही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर होत असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. डबा सोबत घ्या, तो नसेल तर फोटो.

डबा कशाला? ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांवर अॅट्रोपिन हा उतारा आहे. पण डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाला असा ठरावीक उतारा नाही, तिथे लक्षणं सांभाळत उपचार करावे लागतात. नेमकं काय अंगावर पडलं हे डॉक्टरला कळलं नाही तर तो अंदाजाने चालतो.

दवाखान्यात एक चूक वारंवार होते. रात्री सलाईन-अॅट्रोपिनने माणूस सावरतो, सकाळी बोलायला लागतो, आणि घरचे सुट्टी मागतात, कारण खर्च, कारण घरी जनावरं. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत एक ते चार दिवसांत, बरं वाटत असतानाच, मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. मान उचलता येत नाही, मग श्वास उथळ होतो. गावात परत आल्यावर हे झालं तर व्हेंटिलेटर कुठून आणणार? डॉक्टर सोडत नाहीत तोवर हलू नका, आणि सल्ल्याविरुद्ध सुट्टीच्या कागदावर सही करू नका. तो कागद पुढे मालकाच्या बाजूने वापरला जातो, हेही लक्षात असू द्या.

हडंबा, कुट्टी मशीन, जिनिंगचे रोलर, गिरणीचा पट्टा

सोयाबीनची सोंगणी झाली की हडंबा (मळणी यंत्र) रात्रभर चालतो. बल्बचा उजेड, दवाने ओलसर झालेलं पीक नीट ओढलं जात नाही, आणि पेंडी टाकणारा ते हाताने रेटतो. बाही अडकली की कोपरापर्यंत हात जायला क्षणही लागत नाही. फवारणीला पूर्ण बाह्या चांगल्या, पण हडंब्यावर त्याच घातक: कोपराच्या वर गुंडाळा, दुपट्टा आणि हातातलं कडं काढून ठेवा, बाईने पदर खोचून घ्यावा. पीक टाकायची पाटी लांब आणि वरून अर्धी झाकलेली हवी. थ्रेशरसारख्या यंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा आहे. मालकाने पाटी काढून ठेवली असेल तर तो फोटो कामाचा. ओलं पीक रात्री मळूच नका, सकाळी उन्हं चढू द्या.

हात अडकला तर आधी इंजिन बंद. यंत्र उलटं फिरवून हात सोडवायचा प्रयत्न करू नका, नट खोला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून पाहू नका. हळद, चुना, चहापत्ती, रॉकेल काही लावू नका. दाबूनही रक्ताची चिळकांडी थांबत नसेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवा.

बोट किंवा हात तुटून वेगळा झाला तर तो शोधा. स्वच्छ पाण्याने हलका धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फाला लागला की पेशी मरतात. बर्फ गावातल्या आईसकांडीच्या गाड्यावर मिळतो. जोडायची शस्त्रक्रिया सगळीकडे होत नाही, नागपूरसारख्या ठिकाणी प्लास्टिक सर्जन लागतो, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात रक्त थांबवून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन लगेच पुढे निघा. आधी फोन करून विचारा, नाहीतर तीन दवाखाने फिरण्यात वेळ जातो. बोटाला बारा तासांपर्यंत आशा असते, मनगटाच्या वरच्या तुकड्याला सहाएक तास.

धूळ, जी एका दिवसात काही करत नाही

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट भागात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंग चालतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची खूण फार ठरावीक आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम भरतो, कोरडा खोकला. पुढच्या दिवसांत उतरतं, आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. सुरुवातीला हंगाम संपला की माणूस बरा होतो, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. काही हंगामांनी दम कायमचा बसतो. सुट्टीनंतर दम भरतो असं वाटलं की त्या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. फुप्फुसाची फुंकर मारायची तपासणी (स्पायरोमेट्री) मेडिकल कॉलेजात होते, आणि ती कामाच्या दिवशी केलेली जास्त कामाची.

क्रशरवरच्या धुळीचं उलट आहे. सिलिकोसिसला (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला) काहीच चाहूल नसते, आणि जेव्हा दिसतो तेव्हा एक्स-रे टीबीसारखाच दिसतो. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. टीबीची औषधं पूर्ण घेऊनही दम जात नसेल, आणि माणूस क्रशरवर, विहिरीच्या खडकात ड्रिल मारायला किंवा खाणीत राहिला असेल, तर डॉक्टरला तोंडानेच सांगा: "इतकी वर्षं क्रशरवर होतो." विचारायची वाट पाहू नका, बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत. हा आजार बरा होत नाही, फक्त पुढे वाढू द्यायचा नसतो, म्हणजे काम सोडणं. गमछा ही बारीक धूळ थांबवत नाही. दगडावर पाणी मारत राहणं आणि कन्व्हेयर झाकणं हाच उपाय आहे, आणि तो मालकाने करायचा आहे.

गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या गिरण्यांत धूळ आणि उघडे पट्टे दोन्ही असतात. पट्ट्यावर जाळी नसेल तर लुगडं-ओढणी अडकते. भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणीत ठेकेदाराकडे असलेल्यांनी हात थरथरणं, चालताना तोल जाणं याकडे दुर्लक्ष करू नये, मेंदूवरचा परिणाम असू शकतो.

वीज, विहीर, निंदण, ऊन, जंगल

मोटरच्या खांबापाशी कोणी चिकटला तर हात लावू नका. डीपीवरून सप्लाय बंद करा किंवा कोरड्या बांबूने वायर सारा. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाईनचा करंट सोडणं गुन्हा आहे आणि दरवर्षी माणसं मरतात. झटका मशीन वेगळी, ती थांबून-थांबून झटका देते. दुसऱ्याच्या वावरात पहाटे पाणी वळायला जाताना कुंपणात काय आहे ते आधी विचारून घ्या.

गाळ काढायला विहिरीत उतरलेला माणूस निपचित पडला तर दुसऱ्याने उतरू नये. वायूने बेशुद्ध झालेल्याला काढायला गेलेले दोघे-तिघे तिथेच जातात, हे आपल्याकडे घडत आलंय. उतरण्याआधी कमरेला दोर आणि वर दोन माणसं, हे आधीच ठरलेलं असावं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निंदणाऱ्या बायांना आठवड्याभराचा ताप, डोकेदुखी, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला काळी खपली असलेली न दुखणारी जखम दिसली तर स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. २०१८ ला विदर्भात त्याची मोठी लाट आली होती. डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण वेळेत. खपली लाजेने दाखवली जात नाही, ती दाखवा.

उन्हात काम करताना घाम थांबला, बडबड सुरू झाली, अंग तापलं की तो उष्माघात. ओल्या चादरी, पंखा, मान-काखेला थंड पाणी, आणि मग गाडी. अंग थंड करत-करतच न्या. सिकलसेलच्या माणसाला, जे पूर्व विदर्भात आणि आदिवासी भागात बरेच आहेत, पाणी कमी पडलं की वेदनेचा झटका येतो, त्याला मुकादमाने अधिक पाणी आणि सावली द्यावी.

तेंदूपत्ता आणि मोहफुलाच्या दिवसांत पहाटे एकटं जाऊ नये. हल्ला झाला तर लगेच वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या नंबरला कळवा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासनाची मदत २५ लाख रुपये आहे, पण वनविभागाचा पंचनामा त्याच जागी, पाऊलखुणा पुसायच्या आत व्हायला हवा.

पहिल्या दिवसाचे कागद

घरातल्या एकाने रुग्णाजवळ राहायचं, दुसऱ्याने हे करायचं.

केसपेपरवर लिहायला लावा: कोणाच्या वावरात किंवा कुठल्या मिलमध्ये, कोणतं काम करताना, किती वाजता. "फवारणी करताना अंगावर पडलं, प्यायलेलं नाही" हे स्वतः बोला आणि लिहिलेलं वाचून पाहा. इंग्रजीत असेल तर नर्सला वाचायला सांगा. मग पोलिसांना कळवलं जाईल. तिथल्या जबाबातही तेच वाक्य. रक्ताचा नमुना कोलिनेस्टरेज तपासणीसाठी शक्य तितक्या लवकर घ्यायला सांगा. तो अहवाल विष किती भिनलं ते दाखवतो.

त्याच दिवशी जागेचे फोटो: यंत्र, पाटी, पट्टा, पंप, डबा. सोबतच्या दोन मजुरांची नावं. मालक किंवा ठेकेदार दुसऱ्या दिवशी यंत्र धुवून ठेवतो, म्हणून उशीर नको.

मजुरीचा पुरावा हा सर्वात कच्चा दुवा. मस्टर नसतो. पण फोनपेवरचे हप्ते, मुकादमाच्या वहीचा फोटो, "उद्या सहा माणसं पाठव" असा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, जिनिंगचा गेटपास, सगळं चालतं. स्वतःची हजेरी डायरी ठेवणारे मजूर कमी, पण ज्यांनी ठेवली त्यांची वही कामाला आलेली आहे. तारीख, मालक, काम, रोजी, एवढंच.

मृत्यू झाला तर शवविच्छेदन नाकारू नका. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) पाठवला असेल तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला महिने जातात, त्याची पावती किंवा क्रमांक घेऊन ठेवा.

पैसे कुठून

दारं वेगवेगळी आहेत आणि चुकीच्या दारात उभं राहून लोक दमतात.

सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्यासाठी, आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन डोळे-दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. विषबाधा, वीज, साप, रस्ता, उंचीवरून पडणं सगळं येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, शक्यतो ३० दिवसांत. आत्महत्या यात बसत नाही, म्हणून केसपेपरचं ते वाक्य.

भूमिहीन मजुराला हे लागू नाही. त्याच्यासाठी मालकाकडून मिळणारी भरपाई. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. शेतमजुराला कायदा नसतो, हा सर्रास ऐकू येणारा समज खोटा आहे. फवारणी, यंत्राने मळणी, ट्रॅक्टरचं काम, विहीर खोदणं ही कामं यादीत नावानिशी आहेत. जिनिंगच्या मजुरांना हंगामी कारखाना म्हणून ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होत नाही, म्हणजे त्यांचीही हीच वाट. ठेकेदाराचा मजूर असला तरी मिलमालक देणं लागतो. ठेकेदाराकडून नंतर वसूल करणं हे त्याचं काम.

रक्कम कशी काढतात? मृत्यूला महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग गुणिले वयाचा गुणांक. चाळिशीचा गुणांक १८४.१७ आहे. महिन्याला १०,००० मजुरी असेल तर ५,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ९,२०,८५० रुपये. तीस वर्षांच्या गड्याचा अंगठा हडंब्यात गेला, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम ६,००० (त्याच १०,००० मजुरीचे ६० टक्के) गुणिले २०७.९८, आणि अंगठ्याला तिचे ३० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. गावात याच अंगठ्याचे दहा हजार दवाखान्याचे आणि पाच हजार हातात, असा सौदा होतो.

मालकाला लेखी कळवा, रजिस्टर पोस्टाने, प्रत स्वतःजवळ. दावा दोन वर्षांच्या आत. मजूर बेसावध होता म्हणून भरपाई बुडत नाही. दारू प्यायला होता असं म्हणतील. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात तोही बचाव चालत नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो.

सरपंचासमोर, पाचशेच्या स्टॅम्पवर 'आपसात मिटलं' अशी सही घ्यायला लोक तेराव्याच्या आधीच येतात. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही, आणि मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरी आणून दिलेले पैसे अडचणीला घ्या, पण सही करताना "आगाऊ मदत म्हणून मिळाले" एवढंच लिहा. दुसरं काही लिहून आणलं असेल तर सही नको. मालकही बहुतेक वेळा पाच एकरांचा कर्जबाजारी कास्तकारच असतो, त्याचं घर बुडवायचं नाही हे मान्य; पण हडंबेवाला, क्रशरवाला, जिनिंगवाला यांच्याबाबत ही दया दाखवायचं कारण मला दिसत नाही.

बांधकामावर, दगडफोडीवर वर्षात ९० दिवस भरले असतील तर इमारत बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून घ्या. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख मिळतात, पण नोंदणी जिवंत असायला हवी. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय विचारा, राशनकार्ड आणि आधार सोबत. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. हप्ता मेअखेर खात्यातून कापतात. तेव्हा पेरणीच्या तयारीत खातं रिकामं असतं आणि विमा बंद पडतो. आषाढात पहिली फवारणी सुरू होते. मे महिन्यात खात्यात वीस रुपये शिल्लक आहेत का, ते बँकमित्राला विचारून घ्या, आणि वारसाचं नाव घातलंय का, तेही.